वाजवून बघणारे गृहस्थ

उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचं, भिंतीवर दोनदा ठोकायचं आणि डोकं कलतं करून थांबायचं, पलीकडून कुणी ओ देणार असल्यासारखं. ओ आली नाही की मान हलवायची आणि म्हणायचं, "मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो. हे तर घर आहे."

असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून तूप कुठलं हे ती विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत तूप पुढच्या पानावर गेलेलं असतं. हे गृहस्थ त्याच वाणाचे. फरक इतकाच की तुपापायी त्यांचं एकट्याचं पान कोरडं राहिलं असतं. घराच्या बाबतीत ते दुसऱ्याचं राहिलं.

भिंगारला लष्कराच्या एका कचेरीत ते हेडक्लार्क होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, सायकलच्या दांडीला अडकवलेली छत्री. ही छत्री घेताना त्यांनी दुकानातल्या सगळ्या छत्र्या उघडून मिटल्या होत्या, आणि शेवटी दुकानदाराने वैतागून जी हातात दिली ती घेऊन आले होते. मुलीचं लग्नही बाईंच्या भावाने परस्पर ठरवलं, म्हणून झालं. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. मुलींच्या शाळेत शिकवायच्या, त्यामुळे सगळ्या आळीच्याच त्या बाई होत्या.

मी तेव्हा शहरातल्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. युद्धाची वर्षं होती. स्टेशनच्या रस्त्याला काही नोकरदार मंडळींनी एकत्र येऊन सहकारी सोसायटी काढली होती. तीन मजली इमारत बांधायची आणि एकेका सभासदाने त्यातला एकेक ब्लॉक घ्यायचा, असा बेत. नगरला हे नवं होतं. जमीन सगळ्यांची, जिना सगळ्यांचा, आणि दाराच्या आतलं तेवढं आपलं, हे लोकांच्या गळी उतरत नव्हतं. बाजारात इमारतीला कबुतरखाना म्हणायला सुरुवात झाली, तेव्हा तिचा पायाही भरला नव्हता. मी तळमजल्यावरचा ब्लॉक घेऊन मोकळा झालो. मला कबुतरांचं वावडं नव्हतं.

या गृहस्थांनी नाव नोंदवलं नाही, पण सभा एकही चुकवली नाही. पहिल्या मजल्यावरचा, माझ्या बरोबर वरचा ब्लॉक त्यांनी मनात धरला होता. सेक्रेटरी विचारी, "मग अण्णा, अर्ज आणू का?" त्यावर ठरलेलं उत्तर येई, "आणा की. पण घाई कुणाला आहे?"

घाई होती. बाईंना होती.

दिल्ली दरवाज्याच्या आत भाड्याच्या दोन खोल्यांत हे जोडपं राहत असे. पाण्याचा नळ मालकाच्या चौकात. पाणी यायचं ते सकाळी थोडा वेळ. आधी मालकांच्या घरचं भरायचं, मग त्यांच्या सुनेचं धुणं निघायचं, आणि मग नळाला धार उरली तर भाडेकऱ्यांच्या बादल्या. शाळेची वेळ होत आली तरी बाई चौकाच्या कोपऱ्यात दोन बादल्या घेऊन उभ्या असत. मी त्या वाटेने छापखान्यात जाई, म्हणून मला ते दिसे. मालकीणबाई नळाच्या तोंडाला फडकं बांधून ठेवी, आणि ते सोडायचं कुणी हे तिच्या मर्जीवर असे. एकदा बाईंनी आपल्या हाताने ते सोडलं, तर ती वरून म्हणाली, "बाई, हा तुमचा वर्ग नाही हो, आमचा चौक आहे." बाईंनी फडकं पुन्हा बांधलं. वर्गात चाळीस मुलींना एका नजरेने गप्प करणारी ही बाई.

हे सगळं चालू असताना गृहस्थ आत दाढी करत असत.

इमारतीच्या भिंती उभ्या राहू लागल्या तसे ते कचेरीतून परस्पर तिथे येऊ लागले. सिमेंट परवान्याशिवाय मिळत नव्हतं, म्हणून बांधकाम चुन्यात चाललं होतं. ओल्या भिंतीला कान लावून ते उभे राहत. त्या दिवसांत आमच्या किल्ल्यात देशाचे पुढारी कोंडलेले होते. सगळ्या शहराचा कान किल्ल्याकडे लागलेला, आणि यांचा भिंतीला. कामावरचा गवंडी केडगावकडचा, तोंडाचा मोकळा. एके दिवशी थापी हातात धरून तो बराच वेळ यांच्याकडे बघत राहिला.

"सायेब, काय ऐकू येतंय का?"

"पोकळ वाटते."

"भित हाय ती, गाभन म्हस न्हाई. कान लावून काय कळायचं न्हाई. वाळू द्या की जरा."

"वाळल्यावर मग काय उपयोग? मडकंसुद्धा आपण..."

"व्हय, व्हय. पन मडकं भाजल्यावर वाजिवत्यात, सायेब. चाकावर असतानी कोन वाजिवतं?"

मजूर हसले. गृहस्थांनी पुढच्या भिंतीवर टकटक केली.

एका रविवारी ते बाईंना घेऊन आले. छत घालून झालं होतं, दारं बसायची होती. बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. तिथे मोरीच्या वर पितळी तोटी नुकती बसवली होती. नळाला अजून पाणी जोडलेलं नव्हतं. बाईंनी ती तोटी उघडली. थोडं थांबल्या, आणि बंद केली. पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. मागे मी आणि सेक्रेटरी उभे होतो. गृहस्थ पुढे झाले, त्यांनीही तोटी फिरवून पाहिली आणि म्हणाले, "चावी घट्ट आहे."

इथवर असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. कचरणारी माणसं गावोगाव आहेत. पण या गृहस्थांनी आपल्या शंकेचं स्मारक उभारलं. ते अजून उभं आहे, स्टेशनकडे जाताना कुणालाही दिसतं.

झालं असं. पाण्याची टाकी ठेवायची म्हणून दुसऱ्या मजल्याची आखणी खालच्या मजल्याच्या उलट केलेली होती. नकाशा पाहता पाहता यांच्या ध्यानात आलं की आपल्या स्वयंपाकघरात देवांचा जो कोनाडा आहे, त्याच्या बरोबर वर दुसऱ्या मजल्याची मोरी येते. पुढच्या सभेत ते उभे राहिले.

"माझ्या देवांच्या डोक्यावर दुसऱ्याचं खरकटं पाणी. हे चालायचं नाही."

सेक्रेटरी म्हणाला, "मग तुम्ही वरचा ब्लॉक घ्या."

"म्हणजे माझ्या मोरीखाली दुसऱ्याचे देव. ते पाप मी कशाला घेऊ?"

"मग तळमजल्यावर कुणाशी अदलाबदल करून देतो."

"तळमजल्याला ओल. शिवाय सगळी इमारतच देवांच्या डोक्यावर."

"अहो, मग देव गच्चीवर ठेवा!" मागून कुणीतरी म्हणालं. सभा हसली. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "उन्हात?"

दुसरी कुठली सोसायटी असती तर तिथेच नमस्कार करून मोकळी झाली असती. पण आमच्या सोसायटीतले निम्मे लोक घरी हीच भीती बाळगून होते आणि सभेत बोलायला लाजत होते. दुसऱ्या मजल्याचा ब्लॉक एका निवृत्त हेडमास्तरांनी घेतला होता. बाईंनी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. ते उठले आणि म्हणाले, "यांच्यासाठी मी विटेचा तुकडासुद्धा हलवला नसता. बाईंसाठी मोरी हलवतो."

मोरी मागच्या अंगाहून पुढच्या अंगाला आली. मोरी पुढे आली म्हणजे तिचं पाणी पुढे आलं. मागे जाणारा बिडाचा जाड पाइप आता इमारतीच्या दर्शनी भागावरून, मधोमध, वरपासून खालपर्यंत उतरवावा लागला. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर काळा पाइप, नाकावर मारलेल्या डांबराच्या रेघेसारखा.

पाइप बसला त्या संध्याकाळी गृहस्थ आले. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून त्यांनी इमारत डोळे भरून पाहिली.

"दर्शनी भागावर पाइप? घराच्या तोंडावर?"

"तुमच्याकरताच आणला की हो, अण्णा!" सेक्रेटरीचा आवाज चढला होता.

"ते खरं. पण शोभत नाही. विचार करायला हवा."

त्यांनी विचार केला. जपानी कुठवर येतात ते बघू, म्हणाले. जपानी आले नाहीत. युद्ध संपू दे, म्हणाले. ते संपलं, आणि आम्ही सगळे राहायला आलो. मग स्वराज्य येतंय, नवं सरकार घरांचे काय कायदे करतंय ते बघू, म्हणाले. स्वराज्याच्या दिवशी आम्ही गच्चीवर झेंडा लावला, तेव्हा हेही आले होते. सगळे वर बघत होते. यांनी झेंड्याची काठी वाजवून बघितली.

एवढा काळ माझ्या डोक्यावरचा ब्लॉक रिकामा होता. सेक्रेटरीने बाईंकडे बघून तो अडवून धरला होता. शेवटी बाकीचे सभासद कुरकुरू लागले. शहरात बाहेरून आलेली माणसं खोल्या शोधत हिंडत होती, आणि इथे बांधलेल्या घराला कुलूप. त्या दिवाळीनंतर सभा बोलावली आणि आधीच कळवलं की आज हो किंवा नाही, नाही तर ब्लॉक दुसऱ्याला.

बाई त्या सभेला आल्या होत्या. बायका सभेला येत नसत. त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. गृहस्थ उठले, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "मंडळी, मडकंसुद्धा आपण..."

"सभासद मी होणार," बाई म्हणाल्या.

आवाज वर्गातला होता. गृहस्थ वळले.

"अगं, हे काय? आपण घरी बोलू."

"कुठल्या घरी?"

बाई सेक्रेटरीकडे वळल्या. "माझा पगार मी साठवलाय. उरलेल्यासाठी या पाटल्या आहेत. अर्ज माझ्या नावाने लिहा."

एका सभासदाने शंका काढली, बाईमाणसाला सभासद करून घेता येतं का? सेक्रेटरी म्हणाला, "बायका नकोत असं आपल्या नियमांत कुठेच नाही. लिहिताना आपल्याला ते सुचलंच नाही." हेडमास्तरांनी अर्जाला अनुमोदन दिलं. गृहस्थ अजून उभेच होते. विरोधासाठी त्यांनी तोंड उघडलं असं म्हणावं, तर तेही नाही. ते बाईंना इतकंच म्हणाले, "ठीक आहे. तू राहून बघ. मी विचार करतो."

आता जे सांगतो ते नगरबाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. बाई राहायला आल्या. गृहस्थ आले नाहीत. ते त्या दोन खोल्यांतच राहिले, देवांसकट, कारण देव कुणाच्या पायाखाली न्यायचे की नाही याचा निर्णय व्हायचा होता. ज्या कोनाड्यासाठी सगळ्या इमारतीच्या तोंडावर पाइप आला, त्या कोनाड्यात बाईंनी लोणच्याच्या बरण्या मांडल्या.

भांडण नव्हतं. बाई सकाळी शाळेत जाताना डबा पोचवून जात. संध्याकाळी कचेरी सुटली की गृहस्थ भिंगारहून सायकलवर येत, सायकल पाइपला टेकवून ठेवत आणि वर जात. चहा होई. मग माझ्या डोक्यावर टकटक, टकटक. मग शांतता. ते कान लावून ऐकत असणार. नेहमी एकच जागा, बाहेरच्या खोलीत दाराच्या उजव्या हाताला. दिवेलागणीला ते खाली उतरत. गिऱ्हाईक म्हणून आलेला नवरा मी आयुष्यात एवढा एकच पाहिला.

जिन्यात भेटले तर मी विचारी, "काय, पसंत आहे का?"

"भिंत बोलत नाही अजून."

"आणि बोलली तर?"

"मग बघू."

बाईंना एकदा मी विचारलं, हे असं किती दिवस चालायचं? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "पूर्वी सकाळी ते घरात असायचे आणि मी नळावर. आता मी घरात असते. मला चाललंय."

एका सकाळी छापखान्यात जाताना मी जुन्या वाटेने गेलो. चौकाच्या कोपऱ्यात दोन बादल्या घेऊन गृहस्थ उभे होते. धोतर खोचलेलं, टोपी नाही. टोपीशिवाय मी त्यांना प्रथमच पाहत होतो. डोकं लहान मुलासारखं दिसत होतं. मालकांच्या सुनेचं धुणं चाललं होतं आणि ती यांच्याकडे बघतही नव्हती.

"अण्णा, तिकडे तोटी उघडली की पाणी," मी म्हणालो. "विचार चालूच आहे का अजून?"

"चालू आहे." ते नळाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "फार वेळ लागतो हो इथे. हिने कधी सांगितलं नाही."

"सांगितलं असेल."

"हं," ते म्हणाले. "असेल."

सांगितलं होतं. आळीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. मी पुढे गेलो. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा सून धुणं उचलून गेली होती. नळ मोकळा होता, आणि फडकं सोडावं की विचारावं या विचारात ते तसेच उभे होते.

थंडीत त्यांच्या छातीत कफ साचला. डॉक्टरांनी त्या खोल्यांतून हलवायला सांगितलं. या वेळी कुणी त्यांना विचारलं नाही. बाईंनी टांगा आणला, देवांची पेटी मांडीवर घेतली आणि त्यांना घेऊन आल्या. हेडमास्तरांनी वरून खुर्ची दिली. सेक्रेटरी आणि मी ती खुर्ची धरून जिना चढलो. वळणावर टेकायला थांबलो, तेव्हा त्यांचा हात पांघरुणातून बाहेर आला आणि जिन्याच्या भिंतीवर दोनदा पडला. आवाज आला नाही. बोटात तेवढा जोर नव्हता.

"तात्पुरता येतोय," ते सेक्रेटरीला म्हणाले.

"हो, हो. तात्पुरतंच."

बरण्या उतरल्या, देव कोनाड्यात बसले. वर हेडमास्तर चालत होते की नाही हे कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी समाचाराला वर गेलो होतो. बाई आत तांब्या भरत होत्या. पाण्याचा आवाज ऐकून ते खाटेवरून उठू लागले.

"पाणी आलं का? बादल्या..."

"पडून राहा," बाई आतून म्हणाल्या. "टाकी आहे. केव्हाही येतं."

ते पुन्हा टेकले. बराच वेळ तोटीकडून येणारा आवाज ऐकत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मग घाई कुणाला आहे?"

त्या आठवड्यातच ते गेले. तात्पुरते.

माणूस गेला की त्याच्याविषयी बरं बोलायची आपल्याकडे रीत आहे. ती पाळायची तर मला इतकंच म्हणता येईल की त्यांनी कुणाला मुद्दाम त्रास दिला नाही. ते शंका काढत राहिले आणि जगण्याचं काम दुसऱ्यांवर सोडलं. वाजवून न घेतलेली मडकी गळतात, हे खरं. पण ज्या घरात मडकं येतच नाही, तिथे तहान लागते ती वेगळ्या माणसाला.

वर्ष सरल्यावर सोसायटीने सगळ्या इमारतीला आतून बाहेरून चुना लावायचं ठरवलं. तोच गवंडी आला. केस पांढरे झाले होते, तोंड तेच होतं. वर काम चालू असताना बाईंनी मला हाक मारली. बाहेरच्या खोलीत दाराच्या उजव्या हाताला गिलावा फुगला होता. गवंड्याने थापीच्या मुठीने तिथे हलकेच ठोकलं, आणि आवाज खरोखरच पोकळ आला. बाकी सगळी भिंत दगडासारखी घट्ट होती. तेवढी एक जागा, रुपयाएवढी, रोजच्या टकटकीने सुटून आली होती. भिंत पोकळ आहे हे त्यांनी अखेर सिद्ध करून दाखवलं होतं, स्वतःच्या बोटाने.

"सायबांचीच जागा का ही?" गवंड्याने विचारलं.

त्याने सुटलेला गिलावा खरवडून काढला, जागा भिजवली, नवा माल भरला आणि थापीने सारखा केला. चार दिवस वाळू दिला. पुन्हा आला तेव्हा चुन्याची बादली खाली ठेवून तो बाजूला सरला.

"बाई, आता बगा वाजवून. लई पक्कं बसलंय."

बाई पुढे झाल्या. त्यांचं मधलं बोट वाकलं. ते मी पाहिलं. हात भिंतीपाशी गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी तो पदरात गुंडाळून घेतला.

"नको," त्या म्हणाल्या. "चुना लाव."